मे महिन्याचा प्रवास आणि कॉमन अ‍ॅप : गोव्यातल्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने एका अर्जसेवेचे परीक्षण

अमेरिकेत पदवीचे शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याचा सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त काळ संबंध येतो तो कॉमन अ‍ॅप या ऑनलाइन अर्जसेवेशी. या सेवेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, पण ते बहुतेक अमेरिकी विद्यार्थ्याला डोळ्यांसमोर ठेवून. त्यातला उन्हाळा तिथला असतो, शाळा तिथली असते आणि कुटुंबाची सहलही तिथलीच असते. फोंडा तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात मी इंग्रजी शिकवते आणि परदेशी अर्ज करणाऱ्या आमच्या मुलांची शाळेने भरायची कागदपत्रे गेली काही वर्षे माझ्याकडे येतात. मार्च-एप्रिल आला की पालक एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारू लागतात : "टीचर, मे महिन्यात आम्ही सगळी बाहेर जायचे म्हणतो, हिच्या अर्जावर त्याचा काही परिणाम होईल का?" कुणाला भीती असते की सुट्टी फिरण्यात गेली तर अर्ज रिकामा दिसेल, तर कुणाला आशा असते की युरोपची सहल अर्जात शोभून दिसेल. कॉमन अ‍ॅपचा फॉर्म शांतपणे वाचला तर ही भीतीही टिकत नाही आणि आशाही टिकत नाही. म्हणून या सेवेचे परीक्षण मला याच प्रश्नाच्या अंगाने करावेसे वाटते.

आधी थोडी ओळख. १९७५ मध्ये १५ खासगी महाविद्यालयांनी मिळून एकच सामायिक अर्ज वापरायचे ठरवले, त्यातून ही ना-नफा संस्था उभी राहिली आणि आज एक हजाराहून अधिक महाविद्यालये व विद्यापीठे तिची सदस्य आहेत. खाते उघडायला पैसे पडत नाहीत. एका खात्यातून जास्तीत जास्त २० महाविद्यालयांना अर्ज करता येतो, आणि त्यांचे अर्जशुल्क असेल तर ते प्रत्येकाला वेगळे भरावे लागते. स्वतःची व कुटुंबाची माहिती, शिक्षण, उपक्रम आणि मुख्य निबंध हे भाग एकदाच भरायचे असतात. त्याखेरीज प्रत्येक महाविद्यालय आपले वेगळे प्रश्न विचारते. सगळी विद्यापीठे इथे मिळत नाहीत. मॅसॅच्युसेट्समधल्या एमआयटी या विद्यापीठाचा अर्ज स्वतंत्र आहे आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचाही वेगळा आहे. नव्या वर्षाचा कॉमन अ‍ॅप १ ऑगस्टला खुला होतो. लवकरच्या फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी १ किंवा १५ नोव्हेंबरला आणि नियमित फेरीची पुष्कळ ठिकाणी जानेवारीच्या सुरुवातीला संपते.

या तारखा गोव्याच्या शालेय वर्षाशेजारी मांडून पाहिल्या की खरी अडचण कुठे आहे ते कळते. अमेरिकेत अकरावी संपल्यावर जूनपासून ऑगस्टपर्यंत मोठी सुट्टी असते, आणि 'अर्जाच्या आधीचा उन्हाळा कसा घालवावा' या विषयावर जे काही लिहिले जाते ते या दोन-अडीच महिन्यांना धरून असते. त्या मुलाने दोन आठवडे आईवडिलांबरोबर फिरण्यात घालवले तरी नोकरीला, अभ्यासाला आणि निबंधाला त्याच्याकडे आठ आठवडे उरतात. आपल्याकडे २०२५ पासून सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू होऊ लागले आहेत. त्यामुळे बारावीचे मूल काही आठवडे वर्गात बसते, मग मेची सुट्टी लागते आणि ती संपताच शाळा व पाऊस बरोबरच येतात. कॉमन अ‍ॅप खुला होतो तेव्हा त्याच्या चाचण्या सुरू असतात आणि लवकरच गणेशचतुर्थी, आमची चवथ, येते, म्हणजे घरे माणसांनी भरतात आणि अभ्यासाचे टेबल पाहुण्यांच्या सामानाखाली जाते. म्हणून अमेरिकेतला सल्ला आपल्या मुलांना जसाच्या तसा लावणे अन्यायाचे आहे. आमच्या मुलांचा उन्हाळा चार-पाच आठवड्यांचा असतो, त्यात आजोळ असते, लग्ने असतात, काजू-आंब्याची कामे असतात आणि जमल्यास एखादी सहल असते.

कॉमन अ‍ॅपची मला सर्वांत आवडलेली गोष्ट इथेच उपयोगी पडते. उपक्रमांच्या भागात विद्यार्थ्याला जास्तीत जास्त १० उपक्रम लिहिता येतात. प्रत्येकासाठी भूमिका ५० अक्षरचिन्हांत, संस्थेचे नाव १०० मध्ये आणि वर्णन १५० मध्ये बसवायचे असते. त्याखाली तीन साधे प्रश्न येतात : हा उपक्रम शालेय वर्षात केला, सुट्टीत केला की वर्षभर, वर्षातून किती आठवडे, आणि आठवड्यातून किती तास. हे तीन प्रश्न पाहून पालक थोडे नाराज होतात, कारण त्यात दिखाव्याला जागा उरत नाही. पण गोव्यातल्या मुलासाठी ते फार न्यायाचे आहेत. वर्षातून चार आठवडे, आठवड्यातून २५ तास, सुट्टीत, असे लिहिण्यात कमीपणा काहीच नाही. वाचणाऱ्याला त्या मुलाकडे किती वेळ होता आणि त्यातला किती त्याने कशाला दिला हे लगेच दिसते. दहाही ओळी भरल्याच पाहिजेत असा नियम नाही. उलट सगळ्या ओळींमधले तास एकत्र केले तर काही अर्जांत आठवड्याला जागेपणीचे तासही पुरत नाहीत असे दिसते, आणि अशी बेरीज वाचणाऱ्यालाही करता येते हे मुलांना सांगून ठेवावे लागते.

उपक्रमांचे प्रकार एका यादीतून निवडायचे असतात. त्या यादीत 'प्रवास' हा प्रकार नाही. क्रीडा आहे, नाट्य आहे, संगीत आहे, संशोधन आहे, धार्मिक कार्य आहे, पर्यावरण आहे, पगारी काम आहे, आणि ज्याकडे आपल्या पालकांचे लक्ष जात नाही तो 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' हा प्रकारही आहे. या शेवटच्या प्रकाराबद्दल मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण गोव्यातल्या मराठी घरांत मुले सुट्टीत जे करतात त्यातले बरेचसे इथे येते आणि तरीही अर्ज भरताना ते हटकून गाळले जाते.

सत्तरीत किंवा डिचोलीत ज्यांच्या काजूच्या बागा आहेत त्या घरांत मार्च ते मे हा हातांना उसंत नसलेला काळ असतो. पडलेले बोंडू वेचायचे, बिया वेगळ्या काढून वाळवायच्या, बोंडू मळून रस काढायचा आणि भाटीवर, म्हणजे दारू गाळण्याच्या भट्टीवर, तो पोचवायचा. हुर्राक आणि फेणी या काजूच्या मद्यांमागे अशी अनेक घरांची मेहनत असते. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही माहिती आमच्या मुलांना पाठ्यपुस्तकामुळे असते, पण आपण स्वतः पहाटे उठून जे करतो त्याचा अर्जाशी काही संबंध आहे असे त्यांना वाटत नाही. सुट्टीत आजोळी जाऊन मामाच्या बागेत बियांचे वजन आणि मजुरीचा हिशेब ठेवणाऱ्या मुलीचे हे काम आहे. आजीच्या औषधांच्या वेळा सांभाळणे, धाकट्या भावंडांना दिवसभर पाहणे, वडिलांच्या दुकानावर बसणे, हेही काम आहे. कॉमन अ‍ॅप त्याला पूर्ण ओळ देतो आणि ती ओळ रोबोटिक्सच्या ओळीइतकीच लांब असते. ज्यांनी हा फॉर्म आखला त्यांना हे सुचले, याबद्दल मला आदर वाटतो.

मग सहलीचे काय? दहा दिवसांत सहा देश दाखवणारी सहल उपक्रमात बसत नाही आणि ती बसवण्याचा प्रयत्नही करू नये. 'जागतिक संस्कृतींचा अभ्यास, युरोप' असे लिहून तासांच्या रकान्यात मोठा आकडा टाकलेला मसुदा माझ्यासमोर येतो तेव्हा मी तो काढायला सांगते, कारण त्या ओळीने मुलाविषयी काहीच कळत नाही, फक्त कुटुंबाच्या खर्चाची ऐपत कळते. सहल अर्जात न दिसल्याने काही बिघडत नाही. महिनाभराच्या सुट्टीतले दहा दिवस आईवडिलांबरोबर आनंदात घालवणाऱ्या मुलाला कोणतेही महाविद्यालय जाब विचारत नाही. तो विचारायला फॉर्ममध्ये जागाच नाही. पायी वारीचे मात्र निराळे आहे. गोव्यातून पंढरपूरला पायी जाणाऱ्या दिंडीत एखादा मुलगा दरवर्षी घरच्यांबरोबर चालत असेल, वर्षभर गावच्या भजनात पखवाज वाजवत असेल, तर तो प्रवासही उपक्रमाचा भाग आहे, कारण त्यामागे वर्षभराचे काही आहे.

प्रवास अर्जात येतो तो अशाच वाटेने, म्हणजे घरी परतल्यावर त्याचे पुढे काही झाले तर. समजा, एक कुटुंब मेमध्ये लिस्बनला नातेवाइकांकडे गेले. गोव्यातल्या पुष्कळ घरांचे कुणी ना कुणी पोर्तुगालमध्ये किंवा इंग्लंडमध्ये आहे, म्हणून हे उदाहरण घेते. तिथे मुलीने जुन्या पोर्तुगीज हस्ताक्षरातला एक जमिनीचा दस्तऐवज पाहिला आणि तिला प्रश्न पडला की आपल्या गावची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या गावकरीची, म्हणजे कोमुनिदादीची, कागदपत्रे कशी असतील. इथपर्यंत ती फक्त एक पर्यटक आहे. परत आल्यावर ती पणजीच्या पुराभिलेख खात्यात गेली, शेजारच्या वयस्कर वकिलाकडून पोर्तुगीज शिकू लागली, गावातल्या शेतांची जुनी नावे आणि आजची नावे यांची वही करू लागली, आणि सप्टेंबरपर्यंत ते चालू राहिले. आता तिच्याकडे सांगण्यासारखे काही आहे. लिस्बन त्यात एका वाक्यात येईल आणि बाकीचे सगळे गोव्यात घडलेले असेल. हेच मडगावहून कोकण रेल्वेने कुडाळला गेलेल्या मुलाबाबतही घडू शकते, तिकिटाची किंमत तेवढी फार कमी असेल.

निबंधाचा भाग याहून नाजूक आहे. कॉमन अ‍ॅपचा मुख्य निबंध २५० ते ६५० शब्दांचा असतो. त्यासाठी सात विषय दिलेले असतात. ते आपली पार्श्वभूमी किंवा आवड, आलेली अडचण, एखाद्या समजुतीवर केलेला पुनर्विचार, मनात उरलेली कृतज्ञता, वाढीचा एखादा टप्पा, भान हरपून जावे असा विषय असे असतात आणि सातवा विषय स्वतः निवडायचा असतो. विषय मोकळे असल्यामुळे मुले सहलीकडे वळतात, कारण सहलीची आठवण ताजी असते आणि छायाचित्रेही हाताशी असतात. त्यातून जे तयार होते ते बहुधा स्थळवर्णन असते : बर्फ पाहिला, विमानातून ढग पाहिले, वेगळी माणसे भेटली आणि जग किती मोठे आहे हे कळले. हे खोटे नसते, पण ते त्या विमानातल्या कुणालाही लिहिता आले असते. गरीब वस्तीला दोन दिवस भेट देऊन 'आपण किती भाग्यवान' असे लिहिलेले निबंध तर मला वाचवतच नाहीत; ज्यांच्या घरात आपण पाहुणे होतो त्यांना आपल्या शहाणपणाचे साधन करून टाकणे योग्य नव्हे, आणि हे सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला समजावून सांगणे हे मोठ्यांचे काम आहे.

याचा अर्थ गावावर लिहिले की निबंध चांगला होतो असाही नाही. आजीचे घर, विहीर, फणसाचे झाड, शेणाने सारवलेले अंगण असे चित्र परदेशी वाचकाला आवडेल या हिशेबाने रंगवलेले निबंधही माझ्यासमोर येतात आणि त्यांतही मुलाचा स्वतःचा आवाज सापडत नाही. एक विषय मात्र मी आमच्या मुलांना आवर्जून सुचवते, तो माटोळीचा. चवथीला गणपतीवर टांगलेल्या लाकडी चौकटीला सुपारीचे घोस, नारळ, आंबाडे, तोरिंगे आणि रानातली फळे बांधायची, त्यासाठी वडीलधाऱ्यांबरोबर रान पालथे घालायचे, कोणते फळ कुठे मिळते हे लक्षात ठेवायचे, आणि कुठले झाड यंदा दिसले नाही हे घरी येऊन सांगायचे, हे सगळे आमची मुले लहानपणापासून करतात. वनस्पतिशास्त्राकडे जाणाऱ्या मुलाला यात निबंधही आहे आणि पुढच्या अभ्यासाचा प्रश्नही आहे. पण ज्याने रान स्वतः पाहिलेले नाही, ज्याच्या घरची माटोळी बाजारातून येते, त्याने हा विषय घेऊ नये; बाजारातल्या माटोळीवरही प्रामाणिकपणे लिहिता येईल, मात्र तो निबंध वेगळा असेल.

निबंध दुसऱ्याकडून किंवा यंत्राकडून लिहून घेण्याविषयी कॉमन अ‍ॅपचे नियम कडक आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणे ही फसवणूक मानली जाते. पालकांनी हा नियम मुलांबरोबर बसून एकदा वाचावा.

सहलीबरोबर विद्यापीठाचा परिसर पाहून येण्याविषयी बराच गैरसमज आहे. न्यू जर्सीला काका आहेत, तर मेमध्ये जाऊन दोन-चार विद्यापीठे पाहू, म्हणजे आमची आस्था त्यांना दिसेल, असा विचार अनेक घरांत होतो. काही महाविद्यालये अर्जदाराने दाखवलेली आस्था विचारात घेतात हे खरे आहे, पण सगळी घेत नाहीत. येल आणि एमआयटी ती मोजत नाहीत. आपल्या यादीतले महाविद्यालय काय करते हे जाणून घेण्याचा मार्ग सोपा आहे. बहुतेक अमेरिकी महाविद्यालये दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाचा तक्ता प्रसिद्ध करतात आणि त्यातल्या सी-७ या विभागात प्रवेशासाठी कोणता घटक किती महत्त्वाचा हे स्वतःच सांगतात. जिथे आस्था मोजली जाते तिथेही ऑनलाइन माहितीसत्राला नोंदणी करून बसणे हा मार्ग खुला असतो. परिसर पाहायचाच असेल तर तो मुलाला स्वतःला तिथे चार वर्षे राहावेसे वाटते का हे ठरवण्यासाठी पाहावा, आणि सत्र संपल्यावर तिथे विद्यार्थी फारसे नसतात हे लक्षात ठेवावे.

विद्यापीठांच्या आवारात भरणाऱ्या सशुल्क उन्हाळी वर्गांबद्दल अधिक काळजी घ्यावी लागते. त्यांतले काही शिकण्यासारखे असतात, पण नावाजलेल्या विद्यापीठाच्या आवारात दोन आठवडे राहिल्याने तिथल्या पदवीप्रवेशात मुलाचा नंबर पुढे सरकत नाही. शिवाय एक कायदेशीर गोष्ट आहे. कुटुंबाबरोबर पर्यटक म्हणून गेलेल्या मुलाला बी-२ व्हिसावर श्रेयांक (क्रेडिट) देणारा अभ्यासक्रम करता येत नाही. छंद म्हणून केलेला, श्रेयांक नसलेला छोटा वर्ग चालतो. सहलीच्या मध्ये असा वर्ग बसवून देणारे मध्यस्थ हा फरक सांगतीलच असे नाही, म्हणून पैसे भरण्याआधी तो विद्यापीठालाच लेखी विचारावा. एवढा खर्च करण्याची ऐपत नसेल तर काहीही गमावले जात नाही, हे मी अगदी विचारपूर्वक लिहिते आहे. गावच्या वाचनालयात पुस्तकांची यादी करणारी, कालोत्सवाच्या नाटकात प्रॉम्प्टिंग करणारी किंवा वडिलांबरोबर मिठागरावर जाणारी मुलगी कॉमन अ‍ॅपच्या त्याच दहा ओळींत आपले काम लिहिते.

प्रवासाने खरोखर नुकसान होते ते वेळापत्रकाचे. शिफारसपत्र लिहिणारे शिक्षकही मेमध्ये आपापल्या गावी जातात, आणि जूनमध्ये परतल्यावर त्यांच्यासमोर शाळेची कामे असतात. म्हणून एप्रिलमध्ये शाळा चालू असतानाच त्यांना विचारावे आणि सोबत एक पान लिहून द्यावे की मी काय शिकलो, कुठे अडलो आणि सुट्टीत काय करणार आहे. एसएटी ही प्रवेशासाठीची परीक्षा अमेरिकेबाहेर मार्च २०२३ पासून संगणकावर होते. ती दोन तास १४ मिनिटांची असते आणि वर्षाच्या उत्तरार्धात ऑगस्ट ते डिसेंबर या काळात घेतली जाते. मे आणि जूनमध्येही ती असते, पण नेमक्या त्याच दिवशी कुटुंब दार्जिलिंगला असते. सर्व महाविद्यालयांना ती लागत नाही; कॅलिफोर्निया विद्यापीठ तिचे गुण पाहतच नाही आणि एमआयटीला ते हवेच असतात. तिकिटे काढण्याआधी ही तारीख पाहिली तर पुढचे भांडण टळते.

कॉमन अ‍ॅपची एक सोय या बाबतीत फार कामाची आहे आणि ती आपल्याकडे पुरेशी माहीत नाही. १ ऑगस्टची वाट न पाहता खाते कधीही उघडता येते. स्वतःची माहिती, शिक्षण, उपक्रम आणि मुख्य निबंध नव्या वर्षात तसेच पुढे जातात. महाविद्यालयांच्या स्वतंत्र प्रश्नांची उत्तरे आणि शिक्षकांना पाठवलेली निमंत्रणे मात्र पुढे जात नाहीत. जुलैच्या अखेरीस सेवा थोडा वेळ बंद असते, त्या दिवसांत घाबरून जाण्याचे कारण नाही. मेच्या सुट्टीत, सहलीला निघण्याआधी किंवा आल्यावर, चार दुपारी बसून उपक्रमांच्या ओळी भरून ठेवल्या तर चवथीच्या गर्दीत फक्त निबंधाची उजळणी उरते. आमच्याकडे जून-जुलैत वीज आणि इंटरनेट दोन्ही रुसतात, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

आता या सेवेच्या उणिवांविषयी. पहिली उणीव शाळेच्या भागात आहे. प्रत्येक शाळेत एक पूर्णवेळ मार्गदर्शक असतो, त्याला मुलगा नीट माहीत असतो आणि शाळेची ओळख करून देणारे छापील पत्रक त्याच्याकडे तयार असते, असे गृहीत धरून तो भाग आखलेला आहे. गोव्यातल्या बहुतेक विद्यालयांत ही भूमिका प्राचार्यांनी किंवा एखाद्या शिक्षकाने आपल्या तासांच्या जोडीला निभवायची असते. गोवा मंडळाचे गुण, बारावी एप्रिलमध्ये सुरू होणे, सुट्टीचा छोटा काळ, हे सगळे त्या पत्रकात शाळेनेच समजावून सांगावे लागते. विद्यार्थ्याच्या भागात शाळेचे वर्ष केव्हा सुरू होते आणि सुट्टी किती असते हे सांगायला स्वतंत्र जागा नाही. एवढा एक रकाना वाढवला तर जगभरच्या मुलांचा उन्हाळा वाचणाऱ्याला बरोबर कळेल. दुसरी उणीव जागेची. अधिक माहितीसाठीची मर्यादा आधी ६५० शब्दांची होती, ती २०२५-२६ च्या अर्जापासून ३०० शब्दांवर आणली गेली. अडचणी आणि परिस्थिती सांगण्यासाठी २५० शब्दांची वेगळी जागा आहे. घरातल्या आजारपणामुळे ज्याचा अख्खा उन्हाळा बांबोळीच्या इस्पितळात गेला त्याला ही दुसरी जागा पुरते. पण ज्याला पिठागिरणी, बागायत किंवा भाटी म्हणजे काय हेच आधी समजवायचे आहे त्याला १५० अक्षरचिन्हे अपुरी पडतात आणि उरलेल्या ३०० शब्दांत सगळे कोंबावे लागते. मदतीचा मजकूर इंग्रजीत आणि अमेरिकी शालेय जीवनाच्या शब्दांत आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसोबत तो आम्हाला ओळीओळीने वाचावा लागतो.

तरीही, मोफत असलेल्या आणि इतक्या महाविद्यालयांपर्यंत एकाच वेळी नेणाऱ्या या सेवेला मी पाचपैकी चार गुण देईन. एक गुण शाळेच्या भागासाठी कापते. तासांच्या आणि आठवड्यांच्या रकान्यांसाठी द्यायला आणखी गुण असते तर तेही दिले असते. ज्या कुटुंबाला सहलीच्या पावत्यांवरून मुलाचा अर्ज भारदस्त करायचा आहे त्याची या फॉर्मपुढे निराशा होईल, आणि ती व्हावी असेच मला वाटते.

एका उन्हाळ्याविषयी मात्र कॉमन अ‍ॅप काहीच सांगत नाही, कारण तोवर त्याचे काम संपलेले असते. तो म्हणजे प्रवेश मिळाल्यानंतरचा उन्हाळा, आणि कौटुंबिक सहलीचा सर्वांत मोठा फटका त्याच वर्षी बसू शकतो. बहुतेक महाविद्यालयांना १ मेपर्यंत होकार कळवावा लागतो. मग महाविद्यालय आय-२० हा व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा कागद पाठवते, त्यावरून परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचे ३५० डॉलरचे सेव्हिस शुल्क भरायचे, डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज भरायचा आणि व्हिसाच्या मुलाखतीची वेळ मिळवायची. गोव्याचे अर्जदार मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात, त्यामुळे मुलाखतीसाठी सहसा मुंबईची फेरी धरावी लागते, आणि मुलाखतीनंतर पासपोर्ट परत येईपर्यंत तो आपल्या हातात नसतो. अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३० दिवसांहून आधी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत उतरता येत नाही, म्हणून लवकर जाऊन तिथेच सहल करू हाही बेत जमत नाही. त्या वर्षी मे ते जुलै या काळात परदेशाची तिकिटे काढू नयेत. सगळ्यांनी मिळून कुठे जायचेच असेल तर मालवण किंवा गोकर्ण निवडावे, आणि मुलाखतीची तारीख मिळाल्याशिवाय तेही आरक्षण पक्के करू नये.